कडू भोपळ्याचे उपकार

आमच्याकडे इतिहास लिहिण्याची जी पद्धत पडली आहे तींत तलवारीस जागा आहे, सनदेस आहे, फार तर पालखीस आणि अब्दागिरीस आहे. परंतु ज्या वस्तु घरोघर खुंटीस टांगलेल्या किंवा माळ्यावर पडलेल्या असत, त्यांची बखर कोणीं लिहिली नाहीं. याचें कारण उघड आहे. जी वस्तु विकत घ्यावी लागत नाहीं ती कीर्दींत चढत नाहीं, आणि जी कीर्दींत चढत नाहीं ती इतिहासकाराच्या दृष्टीस पडत नाहीं. परसांतल्या वेलावर वाढलेला आणि उन्हांत वाळून खडखडीत झालेला भोपळा हा अशाच बेवारशी वस्तूंपैकीं एक होय. कृष्णाकांठच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांनीं त्याच्याकडून जी कामें करून घेतलीं तीं पाहिलीं म्हणजे या उपेक्षेचें नवल वाटतें. हे दोन जिल्हे आज वेगळे असले तरी १९४९ त दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा होईपर्यंत त्यांतील बराचसा मुलूख एकाच नांवाखालीं नांदत होता, आणि दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव तर १९६० त मिळालें. म्हणून आम्हीं दोहोंचा विचार येथें एकत्रच केला आहे.

भाषेनें मात्र या फळाची आठवण इतिहासापेक्षां अधिक ठेविली आहे. पण ती बहुधा चेष्टेनें. भ्रमाचा भोपळा फुटतो, विळ्या-भोपळ्याचें सख्य जमत नाहीं, आणि परीक्षेंत ज्यास कांहीं येत नाहीं त्याच्या हातीं भोपळा पडतो. (हें शेवटचें दान करण्याचें काम आम्हांस जवळ जवळ तीस वर्षें करावें लागलें आहे, त्यामुळें या फळाविषयीं विद्यार्थिवर्गाचें मत फारसें अनुकूल नसावें.) जो दुसऱ्याच्या जिवावर आपला लाभ करून घेतो तो आपली तुंबडी भरतो. ही तुंबडी म्हणजे भिक्षेकऱ्याच्या हातांतील वाळका भोपळाच. दूषित रक्त काढण्यासाठीं तुंबडी लावीत तीहि मूळची त्याच घराण्यांतली. गारुड्याची पुंगी फुगीर दिसते ती याच फळामुळें. दोन भोपळे किंवा दोन होड्या एकमेकांस बांधून नदी तरून जाण्याचें जें साधन करीत त्याला सांगड म्हणत. आज आपण दोन विचारांची सांगड घालतों तेव्हां त्यांतील पाणी आणि भोपळा हीं दोन्हीं विसरून गेलेलों असतों.

येथें एक खुलासा केला पाहिजे. भाजीच्या बाजारांत ज्या लाल भोपळ्याच्या फोडी मिळतात तो आमच्या या चरित्राचा नायक नव्हे. तो मूळचा अमेरिकेचा; कोलंबसाच्या सफरींनंतर तो या देशीं आला. आमचा भोपळा दुध्याच्या जातीचा, पांढऱ्या फुलाचा. तो मूळचा आफ्रिकेचा असून माणसानें हातीं धरलेल्या अगदीं पहिल्या वनस्पतींत त्याची गणना होते. याची कांहीं फळें अन्न म्हणून उपयोगी पडलीं असतील, पण शास्त्रज्ञांचें मत असें कीं मनुष्यानें तो प्रथम जवळ केला तो भांडें म्हणून. मडकें घडविण्याची विद्या अवगत होण्यापूर्वीं हें आयतें मडकें वेलावर लोंबत होतें. तें समुद्रहि ओलांडतें. १९५४ त व्हिटेकर व कार्टर या दोन अमेरिकन संशोधकांनीं असे भोपळे खाऱ्या पाण्यांत तरंगत ठेवून पाहिले; २२४ दिवस पाण्यांत राहूनहि त्यांतील बीं रुजण्यास समर्थ राहिलें. पुढें २०१४ त प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून अमेरिकेंतील प्राचीन भोपळे आफ्रिकेंतील भोपळ्यांचे वंशज ठरले. म्हणजे ते अटलांटिक महासागरावरून वाहत गेले असावेत. भोपळ्यांत बसून रान ओलांडणाऱ्या आपल्या गोष्टींतल्या म्हातारीनें कोणता भोपळा पसंत केला होता, यावर चित्रकारांचा आणि आमचा मतभेद आहे. ते लाल रंगवितात. पण टुणटुणत पळावयाचें तर तो वाळका, पोकळ आणि हलकाच असला पाहिजे.

या जातींत गोड फळें असतात तशीं कडूहि असतात, आणि आमच्या कथेस महत्त्व आहे तें कडूंचें. कडू फळ माणूस खात नाहीं. खाल्लें तर विषबाधा होते. त्याच कडूपणामुळें किडीचाहि उपद्रव त्यास कमी होतो. म्हणून वाळल्यावर त्याचें कवच वर्षानुवर्षें टिकतें. यात्रेकरूंनीं सर्व तीर्थांत बुडवून आणलेला भोपळा अखेर कडूचा कडूच राहिला, ही कथा कीर्तनांत आपण सर्वांनीं ऐकली आहे. तिचें तात्पर्य आम्हांस मान्य आहे. मात्र त्या भोपळ्याची बाजू घेऊन एवढें म्हणावेंसें वाटतें कीं तो तीर्थांत गोड झाला असता तर दुसऱ्या दिवशीं त्याची भाजी झाली असती आणि पुढचीं सर्व कामें राहून गेलीं असतीं.

त्यांपैकीं पहिलें काम नदीचें. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, हरिपूर अशी उतरत जाते. कऱ्हाडास कोयना आणि हरिपुरास वारणा मिळाल्यावर पावसाळ्यांत तिचें जें रूप होतें तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस पूल हा शब्द किती अलीकडचा आहे हें सांगावयास नको. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ त झाला. त्यापूर्वीं पलीकडे जावयाचें तर नाव. नाव नसेल तेथें जो तो आपापल्या युक्तीनें. अशा वेळीं पोटाशीं किंवा पाठीशीं बांधलेला भोपळा हा गरिबाचा नावाडी होय. नदीकांठच्या मुलांस पोहावयास शिकवितांना कमरेला भोपळा बांधीत. आतां त्याची जागा प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्यानें घेतली आहे, आणि निरुपयोगी पोकळ वस्तूकडून जीव तारून घेण्याची परंपरा तेवढी कायम राहिली आहे.

या तरंगण्यावर एका धर्मानें तत्त्वज्ञानहि उभारलें. सांगली जिल्ह्यांत जैन समाजाची वस्ती मोठी आहे, म्हणून हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. 'ज्ञाताधर्मकथा' या जैन आगमग्रंथांतील सहावें अध्ययन तुंब्याचेंच आहे. वाळक्या तुंब्यावर गवत गुंडाळून मातीचे आठ लेप दिले तर तो तळाशीं जातो, आणि ते लेप एकेक सुटत गेले म्हणजे आपोआप वर येतो. आठ कर्मांच्या भारानें बुडालेल्या जीवाची गति तशीच होय, असा त्यांतील दृष्टांत आहे. वैदिक परंपरेंतहि मनुस्मृतीनें संन्याशास जीं चार प्रकारचीं पात्रें सांगितलीं आहेत त्यांत भोपळ्याचें पात्र पहिलें आहे. लांकूड, माती आणि बांबू यांचीं मागाहून येतात. ज्यानें सर्वस्वाचा त्याग केला त्याच्यापाशीं राहूं द्यावयास हरकत नाहीं इतकी ही वस्तु क्षुद्र मानली गेली होती. चोरास तिचा लोभ नाहीं आणि मालकास तिचा मोह नाहीं. त्याच तुंब्यास दांडी आणि एक तार जोडली कीं एकतारी होते, आणि भिक्षापात्राचें वाद्य बनतें. आमच्या भक्तिसंप्रदायानें केवळ एवढ्या सामग्रीवर किती मोठें कार्य केलें हा स्वतंत्र विषय आहे.

आतां मिरजेकडे वळूं. हें गांव तलवारीच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. आदिलशाहीचें ठाणें, शिवछत्रपतींनीं घातलेला वेढा, शाहूमहाराजांची मोहीम, मग पटवर्धनांची जहागीर, असे एकामागून एक प्रसंग त्या किल्ल्यानें पाहिले. जेथें फौज तेथें शिकलगार आलाच. पात्यावरील गंज काढणें, धार लावणें, म्यान व मूठ दुरुस्त करणें हा या लोकांचा पिढीजाद धंदा. परंतु १८१८ त पेशवाई गेली. १८४८ त साताऱ्याचे छत्रपति अप्पासाहेब महाराज वारले आणि डलहौसीनें दत्तक नामंजूर करून तें राज्य खालसा केलें. मिरज आणि सांगली हीं संस्थानें टिकलीं खरीं, पण लढाया संपल्यावर त्यांच्या पागा व शिबंद्या पूर्वीच्या राहणार नव्हत्या. पुढें १८७८ च्या कायद्यानें तर शस्त्र बाळगण्यासच परवाना लागूं लागला. राज्यें खालसा झाल्याचा शोक आपण पुष्कळ केला आहे. त्या राज्यांबरोबर ज्यांचे हात रिकामे झाले त्यांचें काय झालें, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाहीं.

मिरजेंत त्याचें उत्तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें जातें. सुमारें १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नांवाचा एक कुशल शिकलगार तेथें होता. संस्थानिकांच्या आश्रयास गवई येऊं लागले होते. त्यांचीं वाद्यें उत्तरेकडून आणलेलीं, आणि तीं प्रवासांत मोडलीं तर दुरुस्त करणारा जवळपास कोणी नाहीं. अशी वाद्यें फरीदसाहेबाकडे आलीं. त्यानें तीं जोडलीं, जोडतांना त्यांची रचना ध्यानांत घेतली, आणि पुढें तो स्वतःच तंबोरे व सतारी करूं लागला. त्याचे भाऊबंद व वंशज याच कामांत शिरले, त्यांचें आडनांव सतारमेकर पडलें आणि त्यांची वस्ती सतारमेकर गल्ली म्हणून ओळखली जाऊं लागली. (परप्रांतीय मित्र आम्हांस पुष्कळदां विचारतात कीं सतारीचा आणि सातारा या गांवाचा संबंध काय. संबंध कांहीं नाहीं.)

ही कथा सांगतांना लोक फरीदसाहेबाच्या बुद्धीची तारीफ करतात, आणि ती योग्यच आहे. पण आम्हांस वाटतें कीं यांत भोपळ्याचाहि वांटा आहे. शिकलगारानें आपला हात तयार केला तो दुसऱ्याच्या पोलादावर. तें पातें सरदाराच्या मालकीचें. एक घांव चुकला तर भरपाई कोठून करावी? भोपळ्याची गोष्ट वेगळी. एक चिरफळला तर दुसरा घ्यावा; दुसऱ्यास तोंड वांकडें पडलें तर तिसरा. नव्या विद्येंत पहिल्या दहा चुका फुकट करतां याव्या लागतात. हस्तिदंत किंवा चंदन घेऊन कोणी नवशिका बसला असता तर त्यास ही मोकळीक मिळाली नसती. गरीब कारागिराच्या घरीं एक नवी कला जन्मास आली, तिला स्वस्ताईची ही बैठक होती असें आमचें मत आहे.

काम मात्र स्वस्त नव्हे. भोपळे येतात ते बहुतेक पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकांठच्या शेतांतून. वाळलेलें फळ पाण्यांत भिजवून मऊ करतात, एका बाजूनें कापून आंतील गीर व बिया खरवडून काढतात, आणि तोंड आक्रसूं नये म्हणून आंत काड्यांचा आधार देऊन पुन्हां वाळवितात. मग त्यास तुनाच्या हलक्या लांकडाचा गळा, दांडी आणि वरची तबली बसते. घोडी, खुंट्या, मणी, तारा हें सर्व मागाहून. मोठ्या घेराचा भोपळा मर्दानी तंबोऱ्यास, लहान घेराचा जनानी तंबोऱ्यास. दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेहि सारखे नसतात. प्रत्येक फळाच्या आकारास लांकूड जुळवून घ्यावें लागतें. येथें वेलीनें जें दिलें तें प्रमाण, आणि सुताराचें माप त्यास अनुसरून.

या सर्व खटाटोपानंतरहि तंबोरा बोलत नाहीं. त्यास बोलतें करावयाचें साधन शिवणाच्या टोपलींत असतें. घोडीचा माथा कानसेनें घांसून किंचित् बाकदार करतात आणि प्रत्येक तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा एक बारीक धागा सरकवितात. तो धागा केसभर मागें-पुढें करतां करतां एक जागा अशी सांपडते कीं तार एकदम झंकारूं लागते. हीच जवारी. गवई मैफिलीपूर्वीं डोकें वांकवून, डोळे मिटून जें कांहीं करीत असतो तें याच वीतभर दोऱ्याच्या तुकड्याशीं चाललेलें असतें.

या दोऱ्यानें पाश्चात्त्य भौतिकशास्त्रास कोडें घातलें. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा स्थिर भाग येतो ते उपस्वर तिच्यांतून निघूं नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ त भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला आणि त्यांत दाखवून दिलें कीं वीणेच्या व तंबोऱ्याच्या तारेंतून हे न निघणारे उपस्वरहि स्पष्ट निघतात. आणि याचें कारण ती बाकदार घोडी व तो धागा. नोबेल पारितोषिक त्यांस १९३० त मिळालें तें प्रकाशावरील शोधाबद्दल. पण आमच्या दृष्टीनें हा लहान निबंधहि थोर आहे. कारण ज्या युक्तीचा कर्ता कोण हेंच अज्ञात, आणि जिला लागणारें साहित्य कोणत्याहि शिंप्याच्या दुकानांत खालीं पडलेलें असतें, तिच्यासमोर एका मोठ्या शास्त्रज्ञानें जिज्ञासेनें बसावें यांत शास्त्राची खरी वृत्ति दिसते.

याच सुमारास आमच्या दोन जिल्ह्यांत आणखी एक प्रयत्न चालला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचें गणित मांडून १९१० त त्यावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. साताऱ्यास न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स यांस त्या विषयाचा ध्यास लागला, आणि १९१३ त त्यांचाहि ग्रंथ निघाला. श्रुतींच्या परीक्षेसाठीं त्यांस गळा मिळाला तो अब्दुल करीम खांसाहेबांचा. तेथवर सर्व ठीक होतें. पुढें या श्रुति कायमच्या पकडून ठेवाव्या या हेतूनें विलायतेहून खास पेटी करवून आणण्यांत आली, आणि १९१६ त बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत ती मांडली गेली. तेथें वाद झाला, पंडित भातखंडे यांच्या पक्षास ती पटली नाहीं, आणि पेटीचा प्रसार झाला नाहीं. देवलांची चिकाटी व क्लेमंट्स यांचें भारतीय संगीतावरील प्रेम यांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. तरीहि एक गोष्ट दृष्टिआड करतां येत नाहीं. ज्या शुद्ध गांधारासाठीं एवढा खर्च व पत्रव्यवहार झाला, तो गांधार नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून आपोआप उमटतो. त्यास स्वयंभू म्हणतात. तो सांगलीहून तीन कोसांच्या आंत, मिरजेच्या गल्लींत, भोपळ्यांतून निघत होता.

खांसाहेबांस हें पक्कें ठाऊक होतें. ते मिरजेस येऊन राहिले, वाद्यदुरुस्तीचें काम त्यांस स्वतःस उत्तम येत असे, आणि तंबोरा जुळवितांना त्यांची जी एकाग्रता असे तिच्या आठवणी जुने लोक सांगत. १९३७ त मद्रासेकडे प्रवासांत त्यांचें देहावसान झालें. त्यांची कबर मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत आहे आणि उरुसाच्या वेळीं तेथें गायनसेवा होत असते. त्यांच्याहि आधीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचें वास्तव्य मिरजेस होतें. फटाक्यानें दृष्टि गमावलेला कुरुंदवाडचा मुलगा विष्णु दिगंबर त्यांच्यापाशीं शिकला, १८९६ त मिरजेहून बाहेर पडला, आणि १९०१ त त्यानें लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. गाणें दरबारांतून मध्यमवर्गीयांच्या घरांत आलें तें या चळवळीमुळें. आणि घरोघर गाणें शिकावयाचें तर घरोघर तंबोरा हवा. जो हस्तिदंतांत घडवावा लागता, तो कारकुनाच्या आणि मास्तराच्या घरीं कधींच पोहोंचता ना.

२०२४ त मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारचें भौगोलिक मानांकन मिळालें. त्याचा आनंद आहेच. परंतु गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी आली, आणि आतां तर खिशांतील फोनमधून तोच नाद एक पैसाहि न देतां मिळतो. स्वस्ताईच्या शर्यतींत भोपळा प्रथमच हरला आहे. आमचे विद्यार्थी विचारतात कीं मग यांत बिघडलें काय. स्वस्तपणाचे गोडवे तुम्हींच गात आलां. प्रश्न बिनतोड आहे. आम्ही त्यांस एवढेंच सांगतों कीं फोनमधला तंबोरा जुळवावा लागत नाहीं, आणि जुळवितांना जो कान तयार होतो तो मग तयार होत नाहीं. भोपळ्याचें वाद्य फुटतें, सांधतां येतें, उघडून पाहतां येतें. सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं एका शिकलगारानें तें उघडून पाहिलें म्हणूनच हा धंदा उभा राहिला. बंद पेटी उघडून तिच्यांतून नवा धंदा काढणारा फरीदसाहेब आम्हांस अद्याप आढळला नाहीं. कोठें असल्यास वाचकांनीं अवश्य कळवावें.

दुसरी काळजी शेताची आहे. भीमाकांठीं पाणी आलें आणि त्यामागून ऊस आला. कडू भोपळा जागा पुष्कळ अडवितो, महिनोन्‌महिने वेलावर पिकत पडतो, आणि त्यास घेणारें गिऱ्हाईक म्हणजे काय ते मिरजेचे कारागीर. तरीहि कांहीं शेतकरी तो अजून लावतात. फळें वाळलीं कीं मिरजेकडची मंडळी तेथें जातात, एकेक भोपळा उचलून त्यावर बोटाच्या पेरानें टिचकी मारतात, कान लावून ऐकतात, आणि पसंत पडले ते बाजूस काढून ठेवतात.